जातो-गेला, गो-वेन्ट

गो, वेन्ट, गॉन. ही तिकडी आपण शाळेत पाढ्यासारखी पाठ करतो. वॉक-वॉक्ड, टॉक-टॉक्ड अशी सरळ वाट सोडून ‘गो’ मध्येच ‘वेन्ट’कडे का वळतो, हे फारसं कोणी विचारत नाही. विचारलंच तर ‘अपवाद आहे, लक्षात ठेवा’ एवढं उत्तर मिळतं. मला ते कधीच पुरेसं वाटलं नाही. ‘गो’मध्ये ग आहे, ‘गॉन’मध्येही ग आहे, आणि ‘वेन्ट’मध्ये त्याचा मागमूस नाही. एका शब्दाची रूपं एकमेकांना इतकी परकी दिसत असतील, तर ती मुळात एका शब्दाची नसावीत असा संशय यायला हवा. आणि तो संशय खरा आहे.

‘वेन्ट’ हा ‘वेंड’ नावाच्या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. जुन्या इंग्रजीत ‘वेंडन’ म्हणजे वळणे, वळवणे, आणि त्यावरून वाट धरणे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट या रांगेत वेंड-वेन्ट ठेवून पाहा. तो अपवाद न राहता चांगला नियमात बसतो. गुंडाळणे या अर्थाचं ‘वाइंड’ त्याचं सख्खं भावंड, आणि भटकणे या अर्थाचं ‘वाँडर’ही त्याच घरातलं.

मग ‘गो’ला स्वतःचा भूतकाळ नव्हता का? साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जाणे म्हणजे ‘गान’ आणि गेला म्हणजे ‘एओदे’. म्हणजे तेव्हाही भूतकाळात ग नव्हताच! इंग्रजीच्या सगळ्यात जुन्या लिखाणापासून हे क्रियापद दुसऱ्याच्या भूतकाळावर जगत आलं आहे. ‘एओदे’ झिजत झिजत ‘येदे’, ‘योदे’ झाला, पुढे त्याच्या शेजारी ‘वेन्ट’ येऊन बसला, आणि १५व्या शतकाच्या सुमारास त्याने ती जागा पुरती बळकावली. १६व्या शतकात जुन्या शब्दांची आवड असलेल्या एडमंड स्पेन्सर या कवीने ‘येदे’ पुन्हा वापरला, पण तोवर तो इतका विस्मरणात गेला होता की स्पेन्सरने त्यालाच ‘जाणे’ हे मूळ क्रियापद मानून वापरलं. स्कॉटलंडमध्ये मात्र लोकांनी सरळ मार्ग काढला. तिथल्या स्कॉट्स भाषेत ‘गे’ला ड जोडून ‘गेड’ असा नियमित भूतकाळ तयार झाला.

आणि ज्याचा भूतकाळ गेला त्या ‘वेंड’चं काय झालं? त्याला ‘वेंडेड’ असं नवं रूप घ्यावं लागलं. आज तो ‘वेंड वन्स वे’, म्हणजे रमतगमत वाट काढणे, एवढ्या एका वाक्प्रचारात उरला आहे.

एका क्रियापदाच्या रूपांमध्ये दुसऱ्याच धातूचं रूप येऊन बसणं, याला भाषाशास्त्रात ‘सप्लेशन’ म्हणतात. हर्मन ओस्टहॉफ या जर्मन अभ्यासकाने १८९९ मध्ये या विषयाची पहिली मोठी मांडणी केली. ‘जाणे’ या अर्थाच्या क्रियापदात हा प्रकार वारंवार दिसतो. फ्रेंचमध्ये ‘मी जातो’ला ‘झ व्हे’, ‘मी जाईन’ला ‘झिरे’ आणि जाणे या क्रियापदाचं मूळ रूप ‘आले’, तिन्ही निराळी. स्पॅनिशमध्ये तर ‘फुई’ या एकाच शब्दाचा अर्थ ‘मी गेलो’ही होतो आणि ‘मी होतो’ही. असण्याच्या क्रियापदाचा भूतकाळ जाण्याने उचलला आणि दोघेही तो वाटून वापरतात.

आता इतक्या लांब जायची खरं तर गरज नव्हती. मी जातो, मी जाईन, मी जाऊ का, आणि मी गेलो. ज होता तिथे ग कुठून आला? आपण हे जन्मापासून बोलतो, म्हणून त्यातला सांधा दिसत नाही. ‘जाणे’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून. शब्दाच्या आरंभीचा य प्राकृतात ज होतो, जशी यात्रेची जत्रा झाली आणि योगाचा जोग झाला. तसंच ‘याति’चं ‘जाइ’ झालं आणि त्यातून आपलं जाणे. ‘गेला’ मात्र ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून आला. त्याला प्राकृतातला ‘इल्ल’ प्रत्यय लागला, तोच ल आज बसला, उठला, केला यांत ऐकू येतो. ‘होणे’ आणि ‘झाला’ ही जोडीही अशीच. होणे ‘भू’पासून आणि झाला ‘जात’ म्हणजे जन्मलेला यापासून. जुन्या मराठीत तो ‘जाला’ असाच लिहिलेला सापडतो. तेव्हा ‘वेन्ट’ पाहून इंग्रजीला विचित्र म्हणण्याआधी मराठी माणसाने आपलं ‘गेलो’ आठवावं.

इथे एक फसवं साम्य आहे, त्याकडे लक्ष द्यायला हवं. ‘गम्’ आणि ‘गो’ दोन्ही गने सुरू होतात, अर्थही तोच, म्हणून ते एका मुळाचे वाटतात. पण ‘गम्’चं इंग्रजीतलं नातलग आहे ‘कम’, म्हणजे येणे! संस्कृतात जिथे ग आहे तिथे इंग्रजीच्या खास आपल्या शब्दांत पुष्कळदा क मिळतो. गाय या अर्थाचा संस्कृत ‘गो’ आणि इंग्रजी ‘काऊ’ हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच नियमाने गम्-कम. एकाच प्राचीन धातूतून एका भाषेत जाणे आणि दुसरीत येणे निघालं, कारण चालणाऱ्याची पावलं तीच असतात. पाहणारा कुठे उभा आहे त्यावर येणं-जाणं ठरतं. आपल्याकडेही ‘आ’ उपसर्ग लावला की ‘गमन’चं ‘आगमन’ होतं.

ही सरमिसळ नेमकी अशाच रोजच्या शब्दांत का टिकते, याचं उत्तर वापराच्या प्रमाणात आहे. २००७ मध्ये संशोधकांच्या एका गटाने जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा हजार-बाराशे वर्षांचा प्रवास मोजला. आज त्यांतली ९८ अनियमित राहिली आहेत, बाकीच्यांनी मुकाट्याने नियमित प्रत्यय स्वीकारला. जे क्रियापद दुसऱ्यापेक्षा १०० पट कमी वापरलं जातं, ते १० पट वेगाने नियमित होतं, असं प्रमाण त्यांना आढळलं. कारण समजायला सोपं आहे. शब्द क्वचित कानावर पडत असेल तर त्याचं वाकडं रूप विसरलं जातं आणि माणूस सरळ नियम लावतो. ‘वेन्ट’ विसरायला सवडच मिळत नाही. इंग्रजी शिकणारी लहान मुलं काही काळ ‘गो’ला ड लावून भूतकाळ करतात, पण तो चुकीचा शब्द मूळ धरण्याआधीच ‘वेन्ट’ शेकडो वेळा कानावर आदळून गेलेला असतो.

रूपांचं हे असं. अर्थांचं प्रकरण मला याहून मोठं वाटतं. इंग्रजी शब्दकोशात ‘गो’ उघडला की अर्थांची रांग संपता संपत नाही, आणि ते सगळे सुटे सुटे पाठ करायचे तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून जरा थांबून विचारावं: जाणे म्हणजे मुळात काय? एक जागा सुटते, मधली वाट चालू राहते, आणि समोर दुसरी जागा असते. या तीन भागांपैकी कोणत्या भागावर बोट ठेवलं आहे ते ओळखलं, की ‘गो’चे बहुतेक अर्थ आपले आपण उलगडतात.

सुटणाऱ्या जागेपासून सुरू करू. जो निघाला तो इथे नाही. म्हणून ‘द पेन इज गॉन’: दुखणं गेलं. ‘द मनी इज गॉन’: पैसे गेले. ‘ही इज गॉन’: तो गेला, आणि कधी कधी या दोन शब्दांत मृत्यूची बातमी असते, मराठीतही तशीच. जीव गेला, तोल गेला, वीज गेली, रंग गेला. यातलं काहीही पायांनी चालत गेलेलं नाही. हे अर्थ मराठीने इंग्रजीकडून घेतलेले नाहीत आणि इंग्रजीने मराठीकडून तर नाहीतच. नाहीसं होणं डोळ्यांसमोर आणायचं तर निघून जाणाऱ्या पाठमोऱ्या माणसाइतकं सोपं चित्र दुसरं नाही, म्हणून दोघी स्वतंत्रपणे तिथेच पोचल्या. मराठीने पुढे आपल्या आपण काही वाटा काढल्या. भिंतीला तडा जातो. बाईला दिवस जातात. परक्या माणसाला वाटेल की काही संपल्याची बातमी आहे, आणि असते ती नवा जीव येणार असल्याची.

याच टोकातून ‘गो’चा एक मोठा अर्थ निघाला, तो म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाणे. गो मॅड, गो ब्लाइंड, गो ग्रे, गो बॅड, गो राँग. वेड लागणं, दृष्टी जाणं, केस पिकणं, अन्न नासणं, काम बिघडणं. यादी नीट पाहिली तर काय दिसतं? जवळजवळ सगळं बिघडण्याचं. आणि त्याच वेळी चांगल्या बदलांसाठी इंग्रजी ‘कम’ वापरते. स्वप्न ‘कम्स ट्रू’, मूर्तीत जणू प्राण आला तर ती ‘कम्स अलाइव्ह’, बेशुद्ध माणूस जागा झाला तर तो ‘कम्स राउंड’.

ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये याचा उलगडा केला, आणि तो मला फार आवडतो. त्यांचं म्हणणं असं, की बोलणारा नेहमीच्या, ठीकठाक अवस्थेला आपलं घर मानतो. त्या घराबाहेर पडणं म्हणजे ‘गो’ आणि घरी परतणं म्हणजे ‘कम’. आजाऱ्याचं ‘टेंपरेचर केम डाउन’ म्हटलं की ताप उतरून अंग नेहमीसारखं झालं असं ऐकणारा समजतो. ‘वेन्ट डाउन’ म्हटलं तर तो दिलासा मिळत नाही. अंग नको इतकं गार पडलं असंही असू शकतं. शब्द दोन, दिशा तीच, फक्त बोलणाऱ्याचं घर कुठे आहे ते कळतं.

हे वाचल्यावर मी मराठीतली उदाहरणं मनात घोळवू लागलो आणि थक्क झालो. शुद्ध जाते, माणूस शुद्धीवर येतो. भान जातं, माणूस भानावर येतो. मुलगा वाया जातो, तोच ताळ्यावर येतो. गाडं रुळावर येतं. तो ‘कामातून गेला’ असं आपण म्हणतो, आणि वस्तू कामी येते. तेच घर, तोच उंबरठा.

पण मग राग येतो आणि जातो, त्याचं काय? ताप येतो तेव्हा वाईट आणि जातो तेव्हा चांगलं, हे तर उलटं झालं. उलटं नाही, इथे घरच बदललं. ‘तो वाया गेला’मध्ये माणूस प्रवासी आहे. ‘त्याला राग आला’मध्ये माणूस हेच घर आहे आणि राग हा पाहुणा. पाहुणा निघून गेला की घर निवांत. इंग्रजीतही वेदना ‘कम्स अँड गोज’. कोण चालतंय आणि कोण जागेवर आहे, एवढं ओळखलं की हा गुंता सुटतो.

अलीकडचे वापर, गो लाइव्ह, गो व्हायरल, गो डिजिटल, यांत बिघाड नाही. तरीही नेहमीची, परिचित अवस्था मागे टाकण्याची छटा मला त्यांतही स्पष्ट ऐकू येते.

मधल्या वाटेचे अर्थ झटपट आटोपू. चालू असणे, काम करणे: ‘द क्लॉक इज स्टिल गोइंग’, ‘हाउ इज इट गोइंग?’ मराठीने हे काम ‘चालणे’कडे सोपवलं. घड्याळ चालतं, कसं चाललंय असं विचारतो, आणि मान्य असेल तर ‘चालेल’ म्हणतो. ‘गो’ एकटा जे ओझं वाहतो ते आपल्याकडे जाणे आणि चालणे मिळून वाहतात.

पोचण्याच्या टोकाकडे मात्र एक अशी गोष्ट घडली की ‘गो’ला पायच उरले नाहीत. ‘आय ॲम गोइंग टू सी द किंग’ हे वाक्य घ्या. जुन्या काळी याचा अर्थ खरोखर रस्त्याने चालत असलेला माणूस: मी राजाला भेटायला निघालो आहे. यात तीन गोष्टी एकत्र आहेत. तो चालतो आहे, त्याचा हेतू आहे, आणि भेट अजून व्हायची आहे. ऐकणाऱ्याचं लक्ष चालण्याकडे कमी आणि भेटीकडे जास्त. पिढ्यान् पिढ्या असं ऐकलं गेल्यावर चालणं पुसट झालं आणि हेतू व पुढची घटना एवढंच उरलं. मग खुर्चीत बसलेला माणूसही ‘आय ॲम गोइंग टू स्लीप हिअर’ म्हणू लागला. शेवटी हेतूही गळला: ‘इट इज गोइंग टू रेन’. पावसाला ना पाय, ना इच्छा. उरला निव्वळ भविष्यकाळ.

चालण्यापासून सुटू लागलेल्या या वापराचं एक जुनं, नेहमी दिलं जाणारं उदाहरण १४८२ च्या एका धार्मिक पुस्तकातलं आहे. त्यात एक दुर्दैवी आत्मा नरकात नेला जाणार असतो. त्याला कोणी तरी नेणार आहे, तो स्वतःहून चाललेला नाही. १६४६ पर्यंत हा वापर इतका रुळला की जोशुआ पूल यांनी आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘गोइंग टू’ला भविष्याची खूण म्हणून नोंदवलं. पुढे बोलताना त्याचा ‘गोना’ झाला. आणि इथे एक सुंदर कसोटी मिळते. ‘आय ॲम गोना स्लीप’ चालतं, पण ‘आय ॲम गोना लंडन’ कोणीही इंग्रजी बोलणारा म्हणणार नाही. खऱ्या जाण्याचा ‘गोइंग’ पुरा उच्चारावा लागतो. झिजतो तो फक्त भविष्याचा. म्हणजे दिसायला एक, पण आतून ते आता दोन शब्द आहेत.

फ्रेंच आणि स्पॅनिशनेही जाण्यापासून भविष्यकाळ बनवला. मराठीला ‘णार’ असल्यामुळे तशी गरज पडली नाही, पण आपला ‘जाणे’ त्या वाटेवर अर्धा चालून थांबलेला दिसतो. करायला गेलो गणपती, झाला मारुती. यात कोणी कुठे गेलेलं नाही. ‘करायला गेलो’ म्हणजे करू पाहिलं, प्रयत्न केला. इंग्रजीत ‘हॅव अ गो’ म्हणतात तेव्हा नेमका हाच अर्थ असतो.

मराठीच्या ‘जाणे’ने दुसऱ्या बाजूला मोठी मजल मारली. विसरून गेलो, घाबरून गेला, संपून गेलं. इथे तो क्रिया पुरती झाली, हाताबाहेर झाली, एवढंच सांगतो. ‘छत्री न्यायची विसरून गेलो’मध्ये जाणं नाही. ‘छत्री तिथेच विसरून आलो’मध्ये मात्र येणं अगदी खरं आहे. शिवाय ‘असं केलं जातं’, ‘म्हटलं जातं’ यांत तो कर्मणी प्रयोगाचा खांब झाला आहे. हे काम ‘गो’ने कधी केलं नाही.

इंग्रजी शिकताना सर्वांत जास्त त्रास होतो तो ‘गो’च्या शेपटामुळे, म्हणजे त्याच्यामागे लागणाऱ्या ‘ऑफ’सारख्या शब्दांमुळे. अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजायला लागतो, दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे बंद होतो, दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासतं. एकाच शब्दजोडीचे उलटसुलट अर्थ पाहून माणूस हात टेकतो. पण ‘ऑफ’ म्हणजे ‘पासून सुटून’ एवढं धरा. अलार्म आणि बंदुकीची गोळी दोघंही दाबून धरलेल्या अवस्थेतून सुटतात, म्हणून आवाज. दिवा चालू असण्यापासून सुटतो, म्हणून अंधार. दूध चांगलेपणापासून सुटतं. प्रत्येक वेळी विचारायचं ते हेच, की सुटलं कशापासून.

आणखी एक कोडं मराठीमुळे सहज सुटतं. ‘शी हॅज गॉन टू लंडन’ आणि ‘शी हॅज बीन टू लंडन’ यांत फरक काय, यावर व्याकरणाची पुस्तकं बरीच शाई खर्च करतात. पहिलं म्हणजे ती लंडनला गेली आहे. दुसरं म्हणजे ती लंडनला जाऊन आली आहे. संपलं. पण यातला ‘बीन’ कोणाचा? तो ‘बी’ म्हणजे असणे या क्रियापदाचा. ‘गो’ने ‘वेंड’कडून एक रूप घेतलं होतं, इथे असण्याकडूनही घेतलं, अगदी स्पॅनिशच्या ‘फुई’सारखं.

उधारीच्या या सगळ्या रूपांमध्ये ‘गो’चं स्वतःचं एक जुनं रूप रोज आपल्या समोर असतं आणि ओळखू येत नाही. ‘टू यिअर्स अगो’मधला ‘अगो’. निघून जाणे, सरणे या अर्थाचं ‘गो’चंच एक जुनं जोडक्रियापद होतं. त्याचं ‘अगॉन’ हे रूप, म्हणजे सरलेलं, गेलेलं. शेवटचा न गळाला आणि ‘अगो’ राहिला. टू यिअर्स अगो: दोन वर्षं गेलेली. आपण मागच्या वर्षाला काय म्हणतो ते एकदा मोठ्याने म्हणून पाहा. गेल्या वर्षी.